तुरीतलं यंत्र आणि शांताक्काचं माळवद

नोकरीत असताना लोक विचारायचे, "तुम्ही नेमकं करता काय?" मी सांगायची, "वाट बघते." लोकांना वाटे, बाई टाळाटाळ करते आहे. पण आमचं काम खरोखर वाट बघण्याचंच होतं. बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमेवर, निर्ण्याच्या बाजूपासून खाली आळंदपर्यंत, शेताशेतांत खड्डे खणून आम्ही भूकंपमापक यंत्रं पुरून ठेवली होती. यंत्रं जमिनीखाली बसून ऐकायची आणि मी जमिनीवर बसून ती ऐकताहेत ना, एवढं बघायची. एखादं बंद पडलं की जीपनं जायचं, बॅटरी बदलायची, मुंग्या झाडायच्या, नोंदी उतरवून घ्यायच्या आणि परत वाट बघायला लागायचं. पद तसं भारदस्त होतं, पण घरी त्याचा कोणावर परिणाम झाला नाही. आई शेजारणींना सांगायची, "आमची पोरगी सरकारी खड्डे राखते."

हे खड्डे कशासाठी, ते आधी सांगून टाकते. बाजारात मडकं घेताना बायका टिचकी मारून बघतात. आवाजावरून मडकं पक्कं भाजलंय की कुठे तडा आहे, ते कळतं. पृथ्वीचं कवचही तसंच तपासायचं असतं, पण एवढ्या थोरल्या मडक्याला आपल्या बोटाची टिचकी काय पुरणार? म्हणून दुसऱ्या कुणी टिचकी मारण्याची वाट बघायची. जपानकडे, सुमात्राकडे, हिंदुकुशात कुठेतरी मोठा भूकंप होतो. त्याच्या लाटा पृथ्वीच्या पोटातून निघतात आणि थोड्याच वेळात आमच्या तुरीखाली येऊन पोचतात. वर खुरपणाऱ्या बाईला पत्ताही लागत नाही. यंत्राला लागतो. लाटेचा एखादा तुकडा वाटेत, कवचाच्या तळाशी किंवा मधल्या खडकांच्या थरात अडखळतो आणि काही सेकंद मागाहून येतो. तो किती मागे राहिला, त्यावरून खाली किती जाडीचं काय आहे याचा अंदाज बांधायचा. एका यंत्रानं हे जमत नाही. पुष्कळ यंत्रं, पुष्कळ जागा आणि पुष्कळ काळ गप्प बसण्याची तयारी लागते. शेवटची गोष्ट माझ्याकडे उपजतच होती, म्हणून मी या कामात टिकले असं माझे वरिष्ठ म्हणत.

आम्ही शोधत होतो तो एक समुद्र. आमच्याकडे घरोघरी शहाबादी फरशी असते. बीदरच्या घरात उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिच्यावर पालथी पडून असायची. एका फरशीवर बारीक वळ्या होत्या, त्यांवरून बोट फिरवता फिरवता झोप लागायची. नोकरीत आल्यावर कळलं की त्या पाण्याच्या लाटांच्या खुणा आहेत. जनावरं, झाडं, काहीच नव्हतं तेव्हा इथे उथळ समुद्र होता आणि ही फरशी म्हणजे त्याचा तळ. नंतर केव्हातरी लाव्हाचे थर त्याच्यावर पसरले. शहाबादच्या बाजूला तो तळ उघडा आहे, उत्तरेकडे काळ्या दगडाखाली जातो. पण कुठवर जातो, त्याच्या खालचं कवच कसं वाकलं आहे, हे कोणाला नीट माहीत नव्हतं. हे कळल्यापासून माझं डोकं जरा बिघडलंच. तूर फुलावर आली की पिवळ्या रानातून जीप चाललेली असे, खिडकीतून ऊन मांडीवर पडलेलं असे, आणि मला वाटे आपण होडीत आहोत. आमचे ड्रायव्हर रशीदभाई आरशातून बघायचे. "सो गए क्या म्याडम?" "नाही, समुद्र बघते." ते मान डोलवायचे आणि गाडी हळू चालवायचे.

यंत्राला शांतता लागते. पाण्याची मोटर, गळिताच्या हंगामातला साखर कारखाना, बीदरच्या आकाशातली विमानं, वाऱ्यानं हलणारं लिंबाचं झाड, सगळ्याची बारीकसारीक नोंद ते घेतं. म्हणून रस्त्यापासून आणि विहिरीपासून लांबचं शेत शोधायचं. मुरूम काढून पार काळ्या दगडापर्यंत खणायचं, दगडावर सिमेंटचा ओटा घालायचा, त्यावर घागरीएवढं यंत्र ठेवायचं. ते नेमकं उत्तरेला तोंड करून बसलं पाहिजे, आणि आमच्याकडचा काळा दगड होकायंत्राच्या सुईला फसवतो. मग काठीची सावली बघून उत्तर काढायची. काठी रोवली की सावली फिरेपर्यंत काही काम नसतं. त्या दुपारी मी झाडाखाली आडवी होत असे. पगार मिळत असतानाच्या इतक्या गाढ झोपा फार कमी लोकांच्या नशिबी असतात.

शांताक्काच्या शेतातली काठीही अशीच रोवली होती. हुमनाबाद आणि आळंदच्या मधलं ते गाव, नाव सांगत नाही. त्या वर्षी पाऊस सरता सरता गावाखालून गुडगुड आवाज यायला लागले. अधूनमधून फडताळातली भांडी किणकिणायची. हानी काही नव्हती, पण किल्लारी आमच्यापासून लांब नाही आणि तिथल्या भूकंपात गेलेली पै-पाहुण्यांतली माणसं अजून घरोघरी आठवतात. गाव रस्त्यावर, खळ्यात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत झोपायला लागलं. म्हणून आमच्या जाळ्यातलं एक यंत्र त्या गावात न्यायचं ठरलं, आणि शांताक्का व तिचे यजमान गुंडप्पा यांनी तुरीच्या कडेची जागा दिली.

शांताक्का माझ्याच वयाची, काटक, कपाळावर आठी कायमची. मी सावलीकडे बघत बसलेलं तिला अजिबात पसंत पडलं नाही.

"हे डबडं काय करतंय वं म्याडम?" तिनं विचारलं.

"भुईचं ऐकतं, अक्का."

"आन् सांगतंय कुणाला?"

"आम्हाला."

"तुमी कुणाला सांगताव?"

आम्ही ते संगणकाला सांगत होतो, संगणक आणखी मोठ्या लोकांना, आणि ते लोक बऱ्याच वर्षांनी एकमेकांना. मी हसून वेळ मारून नेली. खड्डा झाकला, बाजूला बॅटरी भरायला सौर पट्टी उभी केली आणि आम्ही परत फिरलो.

काही आठवड्यांनी ते यंत्र मुकं झालं. बॅटरी उतरली असणार असं समजून गेलो, तर सौर पट्टीवर आडवे तीन पट्टे ओढलेले, पांढरेशुभ्र, विभूतीचे. वर हळदकुंकू. खड्ड्याच्या झाकणाला चुना दिलेला, त्यावर झेंडूची फुलं. उन्हाचा कण आत शिरायला जागा नव्हती. रशीदभाई कमरेवर हात ठेवून बघत राहिले. "म्याडम, मशीन पूजा में बैठा है. अब्बी नै उठता."

गुंडप्पा लगबगीनं आले. "आमी रोज इबूत लावताव म्याडम. एक दिस चुकवत न्हाई." त्यांना वाटलं, मी खूश होईन.

"पण कशासाठी, अप्पा?"

उत्तर शांताक्कानं दिलं. "पावसाळ्यात भुई गडगडायली होती. तुमी हे बसिवलाव आन् ती गप झाली. ह्यानं धरून ठिवलंय तिला. आमाला डोळे न्हाईत व्हय?"

आता यातलं शास्त्र असं की असे बारके धक्के पुष्कळदा पावसाच्या शेवटी येतात आणि पाणी ओसरलं की आपोआप थांबतात. यंत्र बसवायला आम्हाला उशीर झाला होता, तोवर धक्के थांबायच्याच बेतात होते. थोडक्यात, कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली होती. पण गावानं फांदी जोडायचं श्रेय आमच्या कावळ्याला देऊन टाकलं होतं. सगळे लोक घरात झोपायला गेले होते. मला गंमत वाटली. पट्टी पुसता पुसता मी हसत होते, आणि तेवढ्यात शांताक्का पुढचं बोलली.

"सून रेणू आळंदला माहेरी हाय. लेकरू महिन्याचं झालंय. तुमच्या गावात भुई गरजतीय म्हणून तिच्या मायबापानं ठिवून घेतलंय. निरोप धाडलाय मी, आमच्याच रानात सरकारी मशीन बसलंय, बिनघोर या. येळवस झाली की यायलीय ती. मधलं घर सारवून ठिवलंय."

माझं हसू जागच्या जागी विरलं. ते मधलं घर मी बघितलं होतं, तिथेच तर चहा प्यायले होते. दगडमातीच्या हातभर जाड भिंती, लाकडी तुळया, वर फळ्या, आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचं माळवद. दर वर्षी पावसाआधी वर नवी माती टाकायची, जुनी कोणी काढत नाही, त्यामुळे पिढ्यान् पिढ्यांची माती डोक्यावर साचलेली असते. उन्हाळ्यात त्याच्यासारखा गारवा नाही. बाहेर आग ओतत असली तरी आत गोधडी लागावी. पण भुई हलली की तीच माती खाली येते. भूकंप माणसाला मारत नाही, छप्पर मारतं, हे आमच्या खात्यातलं पहिलं वाक्य. आणि त्या छपराखाली महिन्याचं मूल येणार होतं, आमच्या यंत्राच्या भरवशावर.

मी तिला समजावलं. यंत्र काही धरत नाही, फक्त ऐकतं.

"मग आता भूकंप येणार न्हाई, एवढं सांग." ती अहोजाहो सोडून अगंतुगंवर आली होती.

"ते सांगता येत नाही, अक्का."

"मग येणार हाय म्हण."

"तेही सांगता येत नाही."

तिनं माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "मग इतकं शिकून काय करायलीस गं बाई?"

परतताना रशीदभाईंनी तोडगा काढला. "मशीन बोला बोलके बोल देव ना म्याडम. छत उतारो बोला. मान जाते लोगां." यंत्रानंच छप्पर उतरवायला सांगितलं, असं ठोकून द्यायचं. त्यांचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं, गावानं ऐकलंही असतं. पण मग उद्या यंत्र काही बोललं नाही, तर न बोलणंही लोक अभय समजणार. मी त्या वाटेला गेले नाही. दुसरी वाटही सुचत नव्हती. आजवर जीपमधून तळाचा समुद्र बघत आले होते, आता डोळे मिटले की ते मधलं घर दिसायचं आणि तुळईला टांगलेला पाळणा.

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, हा आमच्या सीमाभागाचा खास सण. त्या दिवशी गावं रिकामी होतात आणि रानं भरतात. शेतात कडब्याची कोप उभारतात, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात, आणि मग भज्जी, आंबील, उंडे, पाहुणे, शेजारी, येणारा-जाणारा. आंबील शिंपडत रानाला फेरी घालतात. आमच्या नोंदींत हा दिवस न बघता ओळखू यायचा. एरवी वर्षभर गप्प असणारी सगळी केंद्रं त्या एका दुपारी खळखळायची. सीमेच्या अलीकडे-पलीकडे माणसं एकाच वेळी रानातून धावताहेत, आणि जमिनीखाली आमची यंत्रं ती पावलं मोजता मोजता बेजार. जपान, सुमात्रा, सगळे त्या दिवशी भज्जीपुढे फिके पडत. वरिष्ठ म्हणत, हा दिवस गाळून टाका, कामाचा नाही. मी मात्र त्या रेघा कितीतरी वेळ बघत बसायची.

त्या वर्षी शांताक्कानं मला जेवायला बोलावलं होतं. राग आपल्या जागी, सण आपल्या जागी. मी गेले, पण लॅपटॉप घेऊन. कोपीच्या सावलीत बसून तो यंत्राच्या पेटीला जोडला. पडद्यावर तीन रेघा सरकायला लागल्या. रानात गर्दी होती, रेघा नुसत्या दाट काळ्या.

शांताक्का आंबिलीचा गडू घेऊन आली. "सणाच्या दिशी तरी ते मिटीव."

"अक्का, एक करता का? सगळ्यांना घटकाभर बसायला सांगा. कोणी हलू नका म्हणावं."

का म्हणून तिनं विचारलं नाही, बहुतेक लवकर उरकावं म्हणून. तिनं बांधावरून आवाज दिला आणि सारं रान बसलं. पोरं बसली, पाहुणे बसले, पंगतीतले हात ताटात थांबले. तुरीतून वारा गेला तेवढाच. पडद्यावरच्या रेघा हळूहळू बारीक झाल्या, सुतासारख्या झाल्या. मला इतकं छान वाटलं की क्षणभर मी कशासाठी आले तेच विसरले. एवढी माणसं आणि एवढी शांतता मी कधी एकत्र बघितली नव्हती.

"आता तुम्ही एकट्याच चाला," मी म्हटलं.

ती दोन पावलं चालली. रेघेनं दोन उड्या मारल्या. ती थांबली, रेघ थांबली. तिनं माझ्याकडे संशयानं बघितलं, मग पाय उचलून मुद्दाम जोरात टेकवला. रेघ मोठ्यानं उसळली.

"हे कामून उड्या मारायलंय?"

"तुमच्या पावलानं."

"माझ्या?" ती बांधापर्यंत लांब गेली, तिथं पाय आपटला आणि ओरडून विचारलं, "आता?"

"आताही हललं."

ती परत आली. कोपीत वाकून पडद्याजवळ तोंड नेलं, आणि बोटांनी जमिनीवर हलकेच थापटलं. रेघ थरथरली. ती बोलली तेव्हा आवाज अगदी लहान झाला होता. "मी कुठं लई वजनाची बाई हाय. माझ्या पायाला जे एवढं थरथरतंय, ते भुईला काय धरून ठेवंल?"

तिनं पांडवांकडे बघितलं, झाकणावरच्या फुलांकडे बघितलं, आणि पदरानं तोंड पुसलं. यंत्र बसल्यापासून ही बाई निवांत झोपत होती. ती झोप मी तिच्याच पावलानं तिच्याकडून काढून घेतली होती, आणि बदल्यात द्यायला माझ्या पदरी काहीच नव्हतं. भूकंप येणार की नाही, हे मला आजही सांगता आलं नसतं. इतकी वर्षं ज्याचा अभिमान वाटला ते माझं न सांगणं त्या दुपारी मला फार टोचलं.

"रेणूला कळवा," ती यजमानांना म्हणाली, "अजून येऊ नगंस. माळवद उतरिवल्यावर ये."

गुंडप्पांचा घास हातातच राहिला. "आगं, सणाच्या दिशी काय काढलीस? माळवद गेल्यावर उन्हाळ्यात निजायचं कुठं?"

"पत्र्याखाली."

"भाजून निघशील."

"भाजलेलं माणूस उठून बसतंय. दबलेलं न्हाई."

रान पुन्हा उठलं, पंगत पुन्हा सुरू झाली आणि रेघा काळ्या झाल्या. मी लॅपटॉप मिटला. भज्जी तिनं मला वाढली, पण माझ्याकडे न बघता.

माळवद घरच्यांनीच उतरवलं. मी एकदा गेले तेव्हा गुंडप्पा आणि त्यांचा लेक टोपल्यांनी माती काढत होते, आणि गाव बघायला जमलं होतं. चांगलं गार घर मोडून पत्रा घालणारी माणसं त्यांनी पहिल्यांदाच बघितली असावीत. शेजारच्या एका घरानं पुढे त्यांचं बघून केलं, बाकीच्यांनी नाही केलं. मी घरोघर सांगत फिरले, लोकांनी चहा दिला, ऐकून घेतलं. त्या बाकीच्या घरांची काळजी निवृत्तीनंतरही माझ्याबरोबर घरी आली आहे. शांताक्कानं भिंतीही कमरेपर्यंत उतरवून वर विटा आणि सिमेंटचा पट्टा घेतला, हे मात्र कुणी न सांगता. मग रेणू बाळाला घेऊन आली.

आमचं काम संपलं तशी यंत्रं एकेक करून काढली. समुद्राचं चित्र आलं, पण धूसर, वाफ धरलेल्या काचेतून बघावं तसं. कडा कुठे आहे यावर मोठी माणसं अजून वाद घालताहेत. घालू देत. शांताक्काच्या शेतातला खड्डा आम्ही बुजवला तेव्हा ती झाकण उचलू लागली, ओट्यावरची माती हातानं झाडली आणि रशीदभाईंना म्हणाली, "नीट न्या, लई घाबरट हाय ते." पुढच्या हंगामात तिथं तूर होती.

आता मी बीदरला घरी असते. दुपारी फरशीवर पालथं पडायला पाठ साथ देत नाही, म्हणून खुर्चीत बसून डुलक्या घेते. उन्हाळा लागला की एक फोन हमखास येतो, अन् नेमका डुलकी लागल्यावर येतो.

"झोपलीस व्हय? झोप, झोप. तुझं काय जातंय. हितं पत्र्याखाली जीव शिजून निघायलाय. लेकराच्या अंगावर घामोळं उठलंय. तुझं ऐकून सोन्यासारखं माळवद पाडलाव मी. कुठं हाय गं तुझा भूकंप?"

"अजून तरी नाही, अक्का."

"मग? उगंच पाडाय लावलीस न्हवं?"

"हो. उगंच."

ती आणखी बोलते. गावातल्या माळवदवाल्या बायका तिला कशा हसतात, गुंडप्पा दुपारी गपचूप शेजारच्या गार घरात जाऊन कसे झोपतात, सगळं सांगते. बरोबर कोण होतं, हे तिला सिद्ध करून दाखवायला माझ्याकडे काही नाही, आणि ते सिद्ध होण्याचा दिवस उजाडायला मला नको आहे. मी देवाधर्माची बाई नाही. पण तिचा फोन संपेपर्यंत मनात एकच मागणं चालू असतं, की तिच्या नातवानं त्या पत्र्याला आणि मला शिव्या घालत घालत म्हातारं व्हावं, आणि मी शेवटपर्यंत चुकीची ठरत राहावं.